मॉर्मन पायोनियरचं आयुष्य कसं शोधावं: मुंबईच्या एलिझाबेथपासून सुरुवात

९ नोव्हेंबर १८५६ रोजी आजच्या अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीत, मॉर्मनांचा, म्हणजे ‘लॅटर-डे सेंट्स’ या ख्रिस्ती चर्चच्या अनुयायांचा, एक तांडा पोचला. आयोवा सिटीहून हातगाड्या ओढत निघालेली ही माणसं वाटेत बर्फात अडकली होती. शेवटचा टप्पा त्यांनी मदतीला धावून आलेल्या वॅगनींत बसून काढला. म्होरक्याच्या नावावरून याला विली तांडा म्हणतात. त्यात बहुतेक इंग्लंड, स्कॉटलंड, डेन्मार्कची माणसं होती, आणि एक होती एलिझाबेथ झेवियर टेट. जन्म मुंबईचा, वय विशीतलं. नवरा विल्यम टेट हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेत होता. तो आधीच युटाला गेला होता. एलिझाबेथ तान्ह्या मुलीला पदराशी घेऊन मागून निघाली. मुलगी वाटेतच गेली. एलिझाबेथ पोचली आणि पुढचं आयुष्य तिनं दक्षिण युटातल्या सीडर सिटीत काढलं.

युटात नव्यानं राहायला आलेले मराठी लोक २४ जुलैची सुट्टी कसली असते, असं हमखास विचारतात. उत्तर मिळतं, ‘पायोनियर डे’, म्हणजे मॉर्मनांचा पुढारी ब्रिगहॅम यंग १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या दरीत पोचला तो दिवस. पुढे कुतूहल वाटलं तरी शोध कुठून सुरू करायचा ते कळत नाही. हा लेख अशा लोकांसाठी आहे. महाराष्ट्रात बसून इंटरनेटवर शोध घेणाऱ्यांनाही तो तितकाच उपयोगी पडेल, कारण लागणारे बहुतेक कागद आता घरबसल्या आणि फुकट पाहता येतात.

सुरुवातीलाच एक सांगतो, कारण सगळी पद्धत त्यावरच उभी आहे. पायोनियरांच्या गोष्टी बहुधा प्रवासावर थांबतात. हातगाडी, बर्फ, उपास, मरण, आणि मग दरीचं दर्शन. प्रवास काही महिन्यांचा होता. त्यानंतर याच माणसांनी ओसाड, कोरड्या जमिनीत तीस-चाळीस वर्षं संसार केले. वसाहतकऱ्याचं आयुष्य समजून घ्यायचं तर हा नंतरचा काळ शोधावा लागतो. तो पाण्याच्या पाळीत, देणग्यांच्या वहीत, खानेसुमारीच्या रकान्यांत लपलेला असतो.

पायरी १: एकच माणूस निवडा

‘पायोनियरांचं जीवन’ असा मोठा विषय धरलात तर पुतळे आणि भाषणंच हाती लागतील. एक माणूस धरा, आणि शक्यतो पुढारी नको. ब्रिगहॅम यंगवर कपाटं भरतील इतकं लिखाण आहे, पण त्याचं आयुष्य चारचौघांसारखं नव्हतं.

मराठी वाचकानं एलिझाबेथ टेटपासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. दुसरा पर्याय ह्यू फिंडले. हा स्कॉटिश प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला, पुण्याला गेला आणि तिथे त्यानं एक छोटी शाखा उभी केली. मराठ्यांना उद्देशून लिहिलेली त्याची एक पुस्तिका १८५५ साली मुंबईत छापली गेली. उतारवयात तो बेअर लेकच्या काठी, आजच्या आयडाहो राज्यातल्या फिश हेवन गावात शेतकरी म्हणून राहिला. तिसरा आल्फ्रेड मॅक्यून. हा कलकत्त्यात जन्मला, लहानपणी आईवडिलांबरोबर युटात आला आणि पुढे खाणी आणि रेल्वेच्या धंद्यात गडगंज झाला. सॉल्ट लेक सिटीतला त्याचा वाडा आजही उभा आहे.

हिंदुस्थानचा धागा नको असेल तर ग्रीन फ्लेक घ्या. १८४७ च्या पहिल्या तुकडीतल्या तीन कृष्णवर्णीय गुलामांपैकी तो एक. किंवा जेन मॅनिंग जेम्स घ्या. ही स्वतंत्र कृष्णवर्णीय बाई त्याच वर्षी आली आणि मंदिरातल्या विधींचा हक्क मिळावा म्हणून म्हातारपणापर्यंत अर्ज करत राहिली. या माणसांकडून पाहिलं की पायोनियर म्हणजे सगळे एका मुशीतले, हा समज लगेच मोडतो.

पायरी २: चौकट पाठ करा, पण तिच्यात अडकू नका

एवढं ध्यानात असलं की पुरे. जोसेफ स्मिथनं १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात मॉर्मनांचं हे चर्च स्थापन केलं. अनुयायी ओहायो आणि मिझुरीत वसले. १८३८ मध्ये मिझुरीच्या गव्हर्नरनं त्यांना हाकलून लावण्याचा किंवा संपवण्याचा हुकूम काढला. मग इलिनॉयमध्ये मिसिसिपीच्या काठी त्यांनी नॉवू शहर वसवलं. २७ जून १८४४ ला कार्थेजच्या तुरुंगात जमावानं जोसेफ स्मिथला ठार केलं. फेब्रुवारी १८४६ पासून नॉवू रिकामं होऊ लागलं आणि जुलै १८४७ मध्ये पहिली तुकडी सॉल्ट लेकच्या दरीत उतरली. तेव्हा ती जमीन कागदोपत्री मेक्सिकोची होती; अमेरिकेकडे आली ती १८४८ च्या तहानं. १० मे १८६९ ला युटातल्या प्रॉमंटरी इथे पूर्व-पश्चिम रेल्वे जोडली गेली आणि पायी-वॅगनीचा काळ संपला. त्या बावीस वर्षांत आलेले ते ‘पायोनियर’. त्यांची संख्या साठ ते सत्तर हजारांच्या घरात धरतात.

आपला माणूस १८४७ चा की १८६७ चा, हे आधी नक्की करा. पहिल्या साली आलेल्याला दरीत काहीच तयार मिळालं नाही. वीस वर्षांनी आलेल्याला रस्ते, गिरणी, दुकान, सगळं होतं. फक्त चांगली जमीन आणि पाणी आधीच वाटून झालेलं होतं.

पायरी ३: तो कसा आला ते शोधा

चर्चचा ‘चर्च हिस्टरी बायोग्राफिकल डेटाबेस’ फुकट आहे. नाव टाकलं की माणूस कोणत्या तांड्यात होता, तांडा कधी निघाला, कधी पोचला ते दिसतं. त्याच तांड्यातल्या इतरांच्या डायऱ्या आणि आठवणीही तिथेच जोडलेल्या असतात. समुद्रप्रवासासाठी ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा ‘सेंट्स बाय सी’ हा संग्रह पाहा. एका स्पेलिंगवर अडू नका. कारकून ऐकून लिहीत, त्यामुळे एकच आडनाव तीन-चार प्रकारे सापडतं. बाईचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही आडनावांनी शोधा. आपल्या माणसानं स्वतः एक ओळही लिहिलेली नसली तरी हरकत नाही. शेजारच्या गाडीवाल्याची डायरी त्याच दिवसाचं ऊन, तीच नदी, तेच पीठ सांगते.

विली तांड्याचंच बघा. १८५६ ते १८६० या काळात दहा हातगाडी तांडे आले, सुमारे तीन हजार माणसं. बैलगाडीचा खर्च परवडत नव्हता म्हणून ही योजना निघाली होती. मोठ्या माणसाला १७ पौंड सामान, म्हणजे जेमतेम पावणेआठ किलो. त्यात अंथरूण-पांघरूण, कपडे आणि भांडी सगळं आलं. शिधा दिवसाला माणशी एक पौंड पीठ. झाडं नसलेल्या माळावर चुली पेटत त्या गव्यांच्या वाळलेल्या शेणावर. पुढच्या टप्प्यासाठी फ्लॉरेन्सला, आजच्या ओमाहाजवळ, प्रत्येक गाडीवर जवळजवळ शंभर पौंडांचं पिठाचं पोतं चढवलं गेलं. कच्च्या लाकडाच्या गाड्या त्या ओझ्यानं आणि कोरड्या हवेनं खिळखिळ्या झाल्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला सोबतच्या वॅगनी ओढणारी तिसेक जनावरं उधळून हरवली, आणि वॅगनींतलं पीठही पुन्हा हातगाड्यांवर आलं.

फ्लॉरेन्सला ऑगस्टच्या मध्यावर एक सभा झाली होती. उशीर झालाय, इथेच हिवाळा काढू, असं लेवाय सॅव्हेज या अनुभवी माणसानं कळवळून सांगितलं. बहुमत पुढे जाण्याच्या बाजूनं पडलं आणि तोही त्यांच्याबरोबर निघाला. ऑक्टोबरात शिधा आधी पाऊण पौंडावर, मग त्याहून खाली आला. १९ ऑक्टोबरच्या सुमाराला पीठ संपलं आणि बर्फ सुरू झालं. २३ ऑक्टोबरला सात हजार फुटांवरचा रॉकी रिज त्यांनी वादळात ओलांडला. दुसऱ्या दिवशी रॉक क्रीकला तेरा जणांना एकाच खड्ड्यात पुरलं. या तांड्यातली पासष्टहून अधिक माणसं वाटेत गेली. सॉल्ट लेकहून मदत निघाली नसती तर ती संख्या कुठे गेली असती, कल्पना करवत नाही. ब्रिगहॅम यंगला तांडे अजून वाटेत असल्याची बातमी ऑक्टोबरच्या सुरुवातीला कळली आणि चर्चच्या अधिवेशनातच त्यानं वॅगनी, खेचरं, पीठ मागितलं. लोकांनी ते लगेच दिलं.

आणखी एक कागद लोक पाहतच नाहीत: कर्ज. यातले बरेच जण ‘पर्पेच्युअल इमिग्रेटिंग फंडा’तून, म्हणजे १८४९ मध्ये सुरू झालेल्या निधीतून उसने पैसे घेऊन आले होते. पोचल्यावर ते फेडायचे होते. थकबाकीदारांची यादी १८७७ मध्ये छापली गेली आणि १८८० मध्ये चर्चच्या सुवर्णमहोत्सवात गरिबांचं निम्मं कर्ज माफ झालं. आपल्या माणसाचं नाव त्या यादीत असेल तर त्याची पहिली वीस वर्षं कशी गेली असतील याचा अंदाज येतो.

पायरी ४: पोचल्यावरचं गाव पाहा. इथे वेळ द्या

पोचलेल्या माणसाला राहायचं ठिकाण बहुधा स्वतः निवडायला मिळत नसे. आधी येऊन राहिलेल्यांनाही अधिवेशनात व्यासपीठावरून नावं वाचून दाखवत आणि अमुक दरीत जा असं सांगत. १८६१ च्या ऑक्टोबरात तीनशेच्या आसपास कुटुंबांची नावं अशीच वाचली गेली आणि त्यांना कापूस पिकवायला दक्षिण युटातल्या सेंट जॉर्जच्या रखरखाटात धाडलं. बसलेली घडी मोडून, लावलेली झाडं सोडून लोक निघाले. काही आनंदानं गेले, काही कुरकुरत गेले, आणि काही गेलेच नाहीत.

एलिझाबेथचं सीडर सिटी लोखंडासाठी वसवलेलं. जानेवारी १८५१ मध्ये शेजारचं परोवान उभं राहिलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सीडर सिटीची वसाहत पडली. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समधले खाणकामगार आणि भट्टीवाले मुद्दाम इकडे आणले होते. ३० सप्टेंबर १८५२ ला भट्टीतून पहिलं लोखंड निघालं. पुढच्याच वर्षी पुरानं कारखान्याची नासधूस केली. जळण आणि कोळशाचं गणित कधी बसलंच नाही. १८५८ मध्ये भट्टी कायमची थंड झाली. त्यानंतर बऱ्याच लोकांनी गाव सोडलं आणि राहिलेल्यांचा भार शेतीवर आणि मेंढरांवर आला. सीडर सिटीत राहिलेल्या कुणाचंही आयुष्य वाचताना हे आधी डोक्यात हवं: गाव ज्या धंद्यासाठी वसलं तो बुडाला, तरी माणसं राहिली.

आता पाणी. युटात पाऊस शेतीला पुरत नाही, सगळं डोंगरातल्या बर्फाच्या वितळणाऱ्या पाण्यावर. पहिल्या तुकडीनं २३ जुलै १८४७ ला, म्हणजे ब्रिगहॅम यंग पोचायच्या आधल्याच दिवशी, ओढ्याचं पाणी वळवून जमीन भिजवली. त्यानंतरची प्रत्येक वस्ती याच क्रमानं उभी राहिली: ओढा शोधा, बांध घाला, पाट काढा, मग जमीन वाटा. पाणी कुणा एकाच्या मालकीचं नाही हे तत्त्व यंगनं पहिल्यापासून लावून धरलं आणि १८५२ च्या कायद्यानं पाण्या-लाकडावरची देखरेख काउंटी न्यायालयाकडे गेली.

धुळे-नाशिककडची पांझरेवरची फड पद्धत ज्याला माहीत आहे, त्याला हे ओळखीचं वाटेल. पाटकरी नेमलेला, प्रत्येकाची पाळी ठरलेली, आणि पाळी रात्री दोनला आली तर रात्री दोनला कंदील आणि फावडं घेऊन बांधावर हजर राहायचं. दर वसंतात पाटातला गाळ काढायला ज्याची जितकी जमीन तितकं अंगमेहनतीचं काम. चुकवलं तर पाणी तुटतं. घरचा पुरुष प्रचाराला परदेशी गेलेला असला, आणि ते सारखं घडे, तर ही पाळी बाई आणि पोरं सांभाळत. मला विचाराल तर पायोनियर बाईचं चित्र हातगाडीपेक्षा या पाटाच्या बांधावर जास्त खरं आहे. पुतळा मात्र हातगाडीचाच होतो.

घर बहुधा कच्च्या विटांचं. माती, पाणी, गवत तुडवून साच्यात घालायचं आणि उन्हात वाळवायचं. सुरुवातीची छपरं वाशांवर फांद्या आणि माती टाकलेली, धाब्याचीच. पाऊस थांबला तरी आत ठिबकत राहायची. पहिल्या एक-दोन हिवाळ्यांत दरीतले लोक सेगो लिलीचे कंद खणून खात, आणि ते खाता येतात हे कळलं मूळ रहिवाशांकडून. १८४८ मध्ये पिकावर नाकतोड्यासारख्या किड्यांची झुंड आली आणि समुद्रपक्ष्यांनी ती खाल्ली, ही गोष्ट तुम्ही ऐकाल. टोळधाडी त्यानंतरही येत राहिल्या, हे कमी सांगितलं जातं. १८५५-५६ चा दुष्काळ आणि टोळ यांनी वसाहत इतकी खंगली होती की हातगाडीची काटकसर त्यातूनच सुचली. म्हणजे एलिझाबेथ ज्या घरांकडे उपाशी चालत येत होती, ती घरंही अर्धपोटीच होती.

आणि दशांश. कमाईचा दहावा हिस्सा चर्चला. पैसा नव्हताच, म्हणून तो अंडी, लोणी, गवत, कोंबड्या, धान्य अशा वस्तूंत किंवा दहा दिवसांतला एक दिवस श्रमदानात. प्रत्येक वॉर्डाचा, म्हणजे स्थानिक मंडळीचा, बिशप हे सांभाळी. गरिबाला तिथूनच धान्य मिळे. या नोंदींतून चर्चची श्रद्धा कळतेच, पण आपल्याला हवं ते त्याहून साधं: त्या वर्षी या घरात गाय होती की नाही.

पायरी ५: खानेसुमारी कशी वाचायची

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट खातं उघडा. तिथलं वंशवृक्षाचं पान कुणीही बदलू शकतं, म्हणून पानावरच्या वाक्यावर विश्वास ठेवण्याआधी खाली जोडलेला मूळ कागद उघडा. कागद नसेल तर ती अजून नुसती ऐकीव गोष्ट समजा.

युटाची ‘१८५० ची’ खानेसुमारी प्रत्यक्षात १८५१ मध्ये झाली. १८५६ ची प्रादेशिक मोजणी राज्याचा दर्जा मागण्यासाठी केली होती आणि तिच्यात मेलेली, न पोचलेली, दोनदा लिहिलेली नावं घुसडली आहेत; तिच्यावर एकटीवर काही उभं करू नका. १८६० आणि १८७० च्या मोजणीत जमिनीची आणि चीजवस्तूंची किंमत दिलेली असते. शेजारच्या घरांशी ताडून पाहा, आपला माणूस गावात कुठल्या पायरीवर होता ते कळतं. १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं येतं. १८९० ची बहुतेक सगळी आगीत गेली. १९०० ची बाईसाठी सोन्यासारखी: किती मुलं झाली, त्यातली किती हयात आहेत, दोन्ही आकडे शेजारी-शेजारी. त्या दोन आकड्यांमधलं अंतर एकदा वाचलंत की पुढे कुठल्याही स्मरणलेखातलं ‘सुखी मोठं कुटुंब’ तुम्ही जपून वाचाल.

जमिनीची एक खोच आहे. युटात सरकारी जमीन कचेरी १८६९ पर्यंत नव्हती. त्यामुळे पहिली वीसेक वर्षं लोक कसत होते ती जमीन कायद्यानं त्यांच्या नावावर नव्हतीच. १८५० च्या दशकातला सातबारा शोधून डोकं शिणवू नका. होमस्टेडचे, म्हणजे कसणाऱ्याला सरकारनं दिलेल्या जमिनीचे, दाखले त्यानंतर मिळतात आणि जनरल लँड ऑफिस या जुन्या जमीन खात्याच्या नोंदींच्या संकेतस्थळावर ते फुकट दिसतात. वर्तमानपत्रांसाठी ‘युटा डिजिटल न्यूजपेपर्स’. ‘डेझरेट न्यूज’ जून १८५० पासून निघालं. मृत्यूलेख तर शोधाच, पण सापडलेली जनावरं, पाटाच्या बैठका, जत्रेतली बक्षिसं यांच्या बारीक बातम्याही चाळा. साधी माणसं तिथे भेटतात.

पायरी ६: घरात बायका किती?

हा प्रश्न टाळू नका आणि त्यावर चेकाळूही नका. बहुपत्नीत्वाची जाहीर घोषणा १८५२ मध्ये झाली. १८६२, १८८२, १८८७ चे केंद्रीय कायदे एकाहून एक कडक होत गेले आणि १८९० मध्ये चर्चाध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी नवे असे विवाह थांबवण्याचा जाहीरनामा काढला. सगळ्यांच्या घरी ते नव्हतं. बहुसंख्य घरं एकपत्नीच होती. १८८० च्या दशकात धरपकड सुरू झाल्यावर दुसरी-तिसरी बायको वेगळ्या गावात, वेगळ्या आडनावानं राहू लागे. म्हणून एखादी बाई पोराबाळांसह एकटीच ‘कुटुंबप्रमुख’ दिसली तर घाईनं विधवा ठरवू नका. एक गोष्ट मात्र बाहेरच्यांना चकित करते: युटातल्या बायकांना मतदानाचा हक्क १८७० मध्येच मिळाला. १८८७ च्या कायद्यानं तो काढून घेतला आणि १८९६ मध्ये राज्य झाल्यावर परत मिळाला.

पायरी ७: आधी तिथे कोण राहत होतं

ही पायरी सोडून केलेलं काम मला अर्धवट वाटतं. प्रत्येक वस्तीच्या ओढ्यावर आधी कुणीतरी होतं: उत्तरेला शोशोनी, मध्ये यूट आणि गोशूट, दक्षिणेला सीडर सिटीच्या भागात पाययूट. पाट निघाला तो त्यांच्या पाण्यातून, गुरं चरली ती त्यांच्या बियांच्या गवतावर. १८५३ चं वॉकर युद्ध, १८६५ पासूनचं ब्लॅक हॉक युद्ध यांची मुळं त्या उपासमारीत आहेत. २९ जानेवारी १८६३ ला बेअर नदीकाठी अमेरिकन फौजेनं शोशोनींची कत्तल केली. आपल्या माणसाचं गाव कुठल्या जमातीच्या कुठल्या ठिकाणावर वसलं ते नकाशावर लिहून ठेवा.

सीडर सिटीबद्दल आणखी एक गोष्ट वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ११ सप्टेंबर १८५७ ला गावापासून पन्नास-साठ किलोमीटरवर माउंटन मेडोज इथे, कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या आर्कान्सातल्या तांड्यातली सुमारे १२० माणसं मारली गेली. त्यांना मारणारे मुख्यतः याच भागातले मॉर्मन नागरी सैनिक होते. काही पाययूटांनाही त्यांनी सामील करून घेतलं होतं. सतरा लहान मुलं वाचली. शिक्षा झाली ती एकट्या जॉन डी. ली याला, वीस वर्षांनी. बर्फातून वाचवलेल्या तांड्याला घरात घेतल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्या गावातल्या माणसाच्या आठवणींत १८५७ चा उल्लेखच नसेल, तर ते मौनही टिपून ठेवा.

पायरी ८: मुंबई-पुण्याचं टोक

इथे मराठी वाचक अमेरिकन संशोधकापेक्षा खूप पुढे जाऊ शकतो. एलिझाबेथच्या वंशजांच्या आठवणीत ती मोठ्या, शिकलेल्या घरातली सांगितली जाते. अशी आठवण खोडायची नाही, तपासायची. ‘झेवियर’ हे आडनाव पाहून आपल्याला वसई, सालसेत, माझगाव, गोवा असे पत्ते सुचतात. साता समुद्रापलीकडच्या पणतीला ते सुचणार नाहीत. इंग्रज अमदानीतल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या मुंबई इलाख्याच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या मालिकेत आहेत. ‘फिबिस’ (फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी) या संस्थेच्या संकेतस्थळावर त्यांतल्या बऱ्याच नावांची सूची फुकट शोधता येते. कॅथलिक घराण्यांसाठी त्या-त्या चर्चच्या बाप्तिस्मा-वह्या पाहाव्या लागतात. पत्रात वर्षाचा टप्पा आणि दोन्ही आडनावं स्पष्ट द्या, आणि पाद्रीबुवांना वेळ द्या. विल्यमसारख्या फौजीसाठी पलटणीचं नाव मिळालं की छावणी कळते आणि छावणी कळली की चर्च. ह्यू फिंडलेच्या पत्रांतून १८५०च्या दशकातली मुंबई-पुण्याची छावणी दिसते. प्रचाराला परवानगी मिळत नव्हती, वर्तमानपत्रं विरोधात होती. अशी प्रचारकांची पत्रं चर्चच्या नियतकालिकांत छापली जात. सॉल्ट लेकच्या चर्च हिस्टरी लायब्ररीच्या कॅटलॉगवर शोधा.

कॅटलॉगमध्ये ‘मॉर्मन’ आणि ‘लॅटर-डे सेंट्स’ अशा दोन्ही शब्दांनी शोधा. चर्च आता स्वतःला पूर्ण नावानं संबोधतं, जुनी कागदपत्रं मात्र जुन्याच नावाखाली आहेत. लायब्ररीतल्या लोकांशी बोलताना हे पाळलंत तर त्यांनाही बरं वाटतं.

पायरी ९: जाऊन बघा, मग लिहा

सॉल्ट लेक सिटीत टेंपल स्क्वेअरच्या शेजारी फॅमिलीसर्च लायब्ररी आहे. प्रवेश फुकट, आणि मदतीला बसलेले स्वयंसेवक अतिशय आपुलकीनं वागतात. त्यांच्याकडे ‘मला पायोनियरांबद्दल सांगा’ म्हणून जाऊ नका. ‘सीडर सिटी, १८६०, टेट’ असं एका कागदावर लिहून न्या. सीडर सिटीत लोखंडाच्या मोहिमेचं संग्रहालय ‘फ्रंटियर होमस्टेड’ जरूर पाहा. वायोमिंगमधल्या रॉकी रिजला आणि मार्टिन्स कोव्हला, जिथे मागून येणारा मार्टिन तांडा बर्फात अडकला, जायचं तर उन्हाळ्यातच. सोबत पाणी आणि अंगभर लोकरीचं काही तरी ठेवा, तिथला वारा जुलैतही झोंबतो. आणि जाताना एखाद्या दक्षिण युटातल्या गावात गाडी थांबवून रस्त्याकडेचा पाट बघा. काही गावांत तो अजून वाहतो आणि पाळीही अजून ठरलेली असते.

लिहायला बसाल तेव्हा कोऱ्या कागदावर दोन रकाने आखा. एकात वर्षासह कागद: तांड्याची यादी, कर्ज, खानेसुमारी, जमीन. दुसऱ्यात आठवणी: कुणी सांगितलं, घटनेनंतर किती वर्षांनी. दोन रकाने जुळत नसतील तर दोन्ही तसेच ठेवा, आणि प्रत्येकासमोर तुम्ही तो कागद कुठे पाहिला ते लिहा. मग फॅमिलीसर्चवरच्या त्या माणसाच्या पानाला नवे सापडलेले कागद जोडा. मुंबईच्या बाप्तिस्मा-वहीतली एखादी ओळ तुम्ही शोधून दिलीत, तर युटातलं एक मोठं गोतावळ्याचं घर तिची वाट बघत असेल.